मूठभर फळे आणि आपले आरोग्य

जून महिना संपत आला की नवी दिल्लीतील अशोक रोड, तुघलक रोड यांसारख्या रस्त्यांच्या कडेची फरसबंदी जांभळी होऊन जाते. नव्या राजधानीची उभारणी चालू असता या रस्त्यांच्या दुतर्फा छायेसाठी जी झाडे लावण्यात आली, त्यांत जांभूळ हा एक प्रमुख वृक्ष होता. आज कर्तव्यपथ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मार्गावर, म्हणजे 2022 पूर्वीच्या राजपथावर, त्याच्या रांगा आहेत. पहिला पाऊस पडला की एक जण झाडावर चढून फांद्या हलवितो आणि चार जण खाली चादर ताणून धरतात. टपटप पडणारी फळे त्या चादरीत झेलली जातात. थोड्याच वेळात ती पदपथावरील टोपलीत मांडली जातात आणि काळे मीठ लावून पानावर किंवा कागदावर गिऱ्हाइकाच्या हाती पडतात.

जांभूळ हे अशा फळांपैकी एकच होय. दिल्लीच्या बाजारात मार्च-एप्रिलमध्ये तुती येते, मे महिन्याच्या कडक उन्हात फालसा येतो, पावसाळ्यात लोणच्यासाठी करवंदे येतात, हिवाळ्याच्या आरंभी आवळा येतो आणि त्यामागून बोरे येतात. महाराष्ट्रातील वाचकास यांपैकी बहुतेक फळांची ओळख करून देण्याचे कारण नाही. डोंगरकपारीतील करवंदे, तुळशीच्या लग्नातील आवळा आणि संक्रांतीच्या सुगडातील बोरे ही त्याच्या परिचयाचीच आहेत.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ही सर्व फळे एका जातीची नव्हेत. ज्याचा गर मऊ असून आत कठीण कवचाची आठळी नसते, अशा फळास मृदुफळ म्हणतात. करवंद हे त्याचे चांगले उदाहरण. बोर व फालसा यांना आठळी असते, तर तुतीचे एक फळ हे वस्तुतः पुष्कळ फुलांपासून झालेल्या बारीक फळांचा घोस असतो. तथापि आहाराचा विचार करताना हा भेद फारसा महत्त्वाचा नाही. ही सर्व फळे लहान आहेत, रसाळ आहेत, आंबट किंवा तुरट आहेत. आणि मुलांच्या खिशात मावणारी म्हणून त्यांना खाऊ समजले जाते, अन्न समजले जात नाही. हा समज कितपत बरोबर आहे, याचा निर्णय दिल्लीपासून फार दूर नसलेल्या एका जिल्ह्यात एका दुष्काळाने करून दिला.

हिस्सारचा दुष्काळ

दिल्लीच्या वायव्येस हिस्सार हा जिल्हा आहे. 1966 साली हरियाणा राज्य निर्माण झाले तेव्हा तो त्यात आला. त्यापूर्वी तो पंजाबात होता. राजस्थानच्या वाळवंटाला लागून असल्यामुळे येथे पाऊस मुळातच कमी, आणि त्याचाही भरवसा नाही. जेथे कालव्याचे पाणी पोचलेले नव्हते, तेथील शेती पावसाच्या मर्जीवर चाले. बाजरी आणि हरभरा ही तेथील कोरडवाहू पिके.

1938 पासून या भागात पावसाने पाठ फिरविली आणि 1939-40 साली दुष्काळ तीव्र झाला. दुष्काळात धान्य महाग होते हे सर्वांच्या ध्यानात येते. पण त्याहीआधी एक गोष्ट नाहीशी होते, तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे हिरवा पाला. शेताच्या बांधावरची भाजी, हरभऱ्याचे कोवळे शेंडे, झुडपांवरची रानफळे ही सर्व पाण्यावर जगणारी असतात. पाणी गेले की तीही जातात. धान्य दुसऱ्या प्रांतातून आगगाडीने आणता येते. पालेभाजी तशी आणता येत नाही. पोटात धान्य गेले तरी हिरवे व ताजे असे काही जात नाही, अशी स्थिती महिनोन्महिने टिकते.

हिस्सारमध्ये तेच झाले, आणि दुष्काळी भागात स्कर्व्ही हा रोग दिसू लागला. हिरड्या सुजून त्यांतून रक्त वाहणे, दात हलणे, त्वचेखाली रक्त साकळून काळेनिळे डाग पडणे, सांधे व पाय दुखणे आणि शरीर अत्यंत गळून जाणे ही त्याची लक्षणे. रोग वाढू दिला तर जुन्या भरलेल्या जखमाही उकलतात आणि अखेरीस मृत्यू ओढवतो. या रुग्णांवर आवळ्याचा उपचार करण्यात आला आणि तो यशस्वी ठरला. भारतीय आहारशास्त्राच्या ग्रंथांत या घटनेचा उल्लेख आढळतो. त्याच सुमारास चालू असलेल्या दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैनिकांसाठी आवळ्याच्या गोळ्या तयार करण्यात आल्या, त्यामागेही हेच ज्ञान होते.

रोगाचे मूळ

स्कर्व्हीशी मानवाचा परिचय जुना आहे. लांबच्या सागरप्रवासात याच रोगाने खलाशी मरत. 1747 साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातील वैद्याने ‘सॉल्झबरी’ या जहाजावरील बारा रुग्ण खलाशी निवडले, त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगवेगळा उपचार दिला. ज्या दोघांना संत्री आणि लिंबू मिळाले, ते सर्वांत लवकर बरे झाले. फळात असे काय होते, हे मात्र लिंडला ठाऊक नव्हते. ते कळण्यास पावणेदोनशेहून अधिक वर्षे जावी लागली. हंगेरीचे शास्त्रज्ञ आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी 1928 साली एक अम्ल वेगळे काढले. 1932 साली तेच स्कर्व्ही टाळणारे क जीवनसत्त्व असल्याचे सिद्ध झाले, आणि त्यास ॲस्कॉर्बिक अम्ल हे नाव मिळाले. 1937 साली सेंट-ग्यॉर्गी यांना नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या जीवनसत्त्वाचे शरीरातील कार्य असे आहे. आपली त्वचा, हिरड्या, हाडे व रक्तवाहिन्यांच्या भिंती यांना बांधून ठेवणारे एक तंतुमय प्रथिन असते, त्यास कोलॅजेन म्हणतात. दोरीला पीळ नसेल तर ती ताण सहन करीत नाही. त्याचप्रमाणे कोलॅजेनच्या तंतूंची घडण पक्की झाली नाही तर ते टिकत नाहीत. ही घडण पक्की करणारी जी रासायनिक क्रिया आहे, तिला क जीवनसत्त्व लागते. ते मिळाले नाही की रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात, हिरड्या सैल होतात, जखमा भरत नाहीत.

बहुतेक प्राणी हे जीवनसत्त्व आपल्या शरीरातच तयार करतात. गाय, कुत्रा, शेळी यांना ते बाहेरून घ्यावे लागत नाही. मनुष्य, माकड आणि गिनीपिग यांची ही शक्ती मात्र उत्क्रांतीच्या ओघात नष्ट झाली आहे. शिवाय ते पाण्यात विरघळणारे असल्याने शरीरात त्याचा मोठा साठाही होत नाही. आहारातून ते पूर्णपणे बंद झाले, तर साधारणतः एक ते तीन महिन्यांत रोगाची लक्षणे दिसू लागतात.

दिलासा देणारी गोष्ट ही की, रोग टाळण्यास फार थोडे जीवनसत्त्व पुरते. इंग्लंडमधील शेफील्ड येथे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस काही स्वयंसेवकांवर प्रयोग झाले. त्यांत रोज केवळ 10 मिलिग्रॅम क जीवनसत्त्वाने स्कर्व्ही दूर राहते, असे दिसून आले. अर्थात रोग न होणे आणि आरोग्य उत्तम असणे यांत अंतर आहे. म्हणून भारतीय प्रौढांसाठी 2020 साली ठरविलेले प्रमाण पुरुषांस रोज 80 आणि स्त्रियांस 65 मिलिग्रॅम असे आहे.

आवळ्यातील जीवनसत्त्व का टिकते

क जीवनसत्त्व हे अत्यंत नाजूक आहे. उष्णता, हवा, तांब्याचे भांडे, भाजी चिरून ठेवणे, उकळून पाणी ओतून देणे यांमुळे त्याचा नाश होतो. आवळ्यात मात्र ते इतर फळांच्या मानाने अधिक टिकते. याचे कारण मद्रास येथील दामोदरन आणि नायर या संशोधकांनी 1936 साली शोधले. आवळ्यातील टॅनिन, म्हणजे ज्यामुळे आवळा तुरट लागतो तो पदार्थ, त्या जीवनसत्त्वाचे रक्षण करतो, असे त्यांनी दाखवून दिले. आवळ्याचा आंबटपणाही या कामी साहाय्य करतो. म्हणूनच वाळवलेल्या आवळ्यात त्याचा बराच अंश शिल्लक राहतो. जेथे ताजे फळ पोचू शकत नाही, तेथे वाळवलेला आवळा पोत्यात भरून नेता येतो. दुष्काळात या गुणाचे मोल फार मोठे आहे. दिल्लीच्या खारी बावली बाजारात आजही वाळवलेल्या आवळ्याचे ढीग दिसतात.

आवळ्यात हे जीवनसत्त्व नेमके किती, याविषयी जुन्या आणि नव्या कोष्टकांत फरक आढळतो. जुन्या भारतीय कोष्टकांत 100 ग्रॅम आवळ्यात 600 मिलिग्रॅम असा आकडा असे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत तो सुमारे 250 आहे. फळाची जात, पक्वता आणि मोजणीची पद्धत यांमुळे असे आकडे बदलतात. जुना आकडा बाजूला ठेवून नवा घेतला, तरी संत्र्याच्या मानाने आवळ्यात हे जीवनसत्त्व पाच-सहा पट भरते. पेरूचा क्रमांक त्याच्या खालोखाल लागतो. मध्यम आकाराच्या एका आवळ्याचा गर सुमारे 30 ग्रॅम धरला, तर त्यातून 75 मिलिग्रॅम मिळते. म्हणजे एका आवळ्यात एका माणसाची एका दिवसाची गरज जवळजवळ भागते.

भाकरीतील लोह आणि फळातील आम्ल

हिस्सारसारखी स्कर्व्हीची साथ आज आपल्याकडे सहसा दिसत नाही. परंतु दुसरा एक रोग घरोघर आहे, आणि तेथेही ही लहान फळे उपयोगी पडतात. तो रोग म्हणजे रक्तक्षय. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला.

रक्तातील तांबड्या द्रव्यास लोह लागते. बाजरीत, डाळीत आणि पालेभाजीत लोह असते. पण वनस्पतिजन्य लोह शरीरात सहज शोषले जात नाही. धान्यातील फायटेट नावाचे पदार्थ त्याला बांधून ठेवतात, आणि जेवणाबरोबर घेतलेला चहाही त्याच्या आड येतो. त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व पोटात गेले, तर लोहाचे रूपांतर शोषणास सुलभ अशा स्वरूपात होते आणि त्याचे शोषण दुपटीने किंवा त्याहूनही अधिक वाढू शकते. यासाठी फळ जेवणाबरोबरच खाल्ले पाहिजे. सकाळी खाल्लेला आवळा रात्रीच्या भाकरीस फारशी मदत करीत नाही. बाजरीची भाकरी, पालेभाजी आणि ताटात आवळ्याची चटणी किंवा किसलेला कच्चा आवळा, ही योजना मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या घरी जितकी सोयीची, तितकीच हरियाणातील घरीही सोयीची आहे. अर्थात ज्यास तीव्र रक्तक्षय आहे, त्याने वैद्याने दिलेल्या लोहाच्या गोळ्या सोडून केवळ फळांवर विसंबू नये.

जांभळाचा रंग

आवळ्याचे बळ क जीवनसत्त्वात आहे, तर जांभळाचे वैशिष्ट्य त्याच्या रंगात आहे. जिभेला चढणारा तो रंग अँथोसायनिन या वर्गातील द्रव्यांचा असतो. परदेशातून येऊन दिल्ली व गुरुग्रामच्या मोठ्या दुकानांत भारी किमतीस विकल्या जाणाऱ्या ब्लूबेरीचा रंगही याच वर्गातील द्रव्यांचा आहे. प्रखर ऊन, कीड, बुरशी यांपासून बचाव करण्यासाठी वनस्पती अशी द्रव्ये तयार करतात. प्रयोगशाळेत ती पेशींना हानी करणाऱ्या काही द्रव्यांना निष्प्रभ करतात असे दिसते. ज्यांच्या आहारात अशी फळे नियमित असतात, त्यांना हृदयविकार कमी होतो, असेही काही पाहण्यांत आढळले आहे. तथापि अशी माणसे पुष्कळदा इतर बाबतींतही काळजीपूर्वक राहणारी असतात, हे विसरून चालत नाही.

हीच सावधगिरी जांभूळ आणि मधुमेह यांच्या संबंधातही आवश्यक आहे. जांभळाच्या बियांची पूड मधुमेहावर गुणकारी असल्याची समजूत आपल्याकडे फार जुनी आहे, आणि प्राण्यांवरील काही प्रयोगांत तिला आधारही मिळाला आहे. परंतु प्राण्यावर जे दिसते, ते माणसावर दिसेलच असे नाही. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा काढा मधुमेहावर सर्रास घेतला जातो. तेथील संशोधकांनी माणसांवर त्याची पद्धतशीर चाचणी घेतली, तेव्हा त्याने रक्तातील साखर उतरल्याचे दिसून आले नाही. यावरून जांभूळ निरुपयोगी ठरत नाही. मधुमेह झालेल्याने मिठाईऐवजी वाटीभर जांभळे खावीत, हे योग्यच आहे. जांभळे मिळाली म्हणून औषध बंद करावे, हे मात्र धोक्याचे आहे.

शाळेत करून पाहण्याजोगे दोन प्रयोग

पहिला प्रयोग रंगाचा. जांभळाचा रस पाण्यात मिसळून तीन पेल्यांत ओतावा. एका पेल्यात लिंबाचा रस घालावा, दुसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा आणि तिसरा तसाच ठेवावा. लिंबाने रंग तांबडा होतो आणि सोड्याने निळसर किंवा हिरवट छटेकडे झुकतो. आम्ल आणि अल्कली यांची ओळख जांभूळ असे पटवून देते.

दुसरा प्रयोग क जीवनसत्त्वाचा आहे. तो शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा आणि त्यातील काहीही तोंडात घालू नये. भाताची पेज भरपूर पाण्यात मिसळून गाळून घ्यावी व तीत टिंक्चर आयोडीनचे थोडे थेंब टाकावेत. पाणी निळे होईल. हे निळे पाणी सारख्या प्रमाणात काही पेल्यांत घ्यावे. एकात आवळ्याचा, दुसऱ्यात संत्र्याचा, तिसऱ्यात सफरचंदाचा ताजा रस थेंबथेंब घालावा आणि निळा रंग जाण्यास किती थेंब लागतात ते मोजावे. ज्या रसाचे थोडे थेंब पुरतात, त्यात क जीवनसत्त्व अधिक, असे स्थूलमानाने म्हणता येते. स्थूलमानाने म्हणण्याचे कारण असे की, टॅनिनसारखे इतर पदार्थही आयोडीनवर क्रिया करतात. हाच प्रयोग उकळून गार केलेल्या रसावर करून दोहोंतील फरकाची नोंद ठेवावी.

कसे खावे

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2024 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनात प्रौढाने रोज सुमारे 100 ग्रॅम फळे खावीत, असे सांगितले आहे. एवढ्या वजनाची फळे ओंजळीत सहज मावतात. ती महाग असली पाहिजेत असे नाही. ऋतूत आलेले, जवळ पिकलेले फळ हेच बहुधा ताजे आणि स्वस्त असते. फालसा तर तोडल्यावर एकदोन दिवसही नीट टिकत नाही. तो दूरच्या बाजारात जाऊच शकत नाही, जेथे पिकतो तेथील लोकांनीच तो खावा.

काही गोष्टींकडे लक्ष ठेवावे. रहदारीच्या रस्त्याकडेच्या झाडांवर धूर व धूळ बसते, म्हणून अशी फळे स्वच्छ पाण्याने नीट धुऊन घ्यावीत. लहान मुलांना बी काढल्यावाचून जांभूळ किंवा बोर देऊ नये, कारण बी घशात अडकण्याची भीती असते. मोरावळा चवीस उत्तम, परंतु त्यात साखर फार असते आणि शिजविताना जीवनसत्त्वाचाही काही भाग नष्ट होतो. त्यापेक्षा मिठात घातलेला किंवा कच्चा किसलेला आवळा बरा. सरबत करताना फळ गाळून चोथा टाकला, तर त्याबरोबर तंतूही जातात. म्हणून शक्य तेथे फळ चावूनच खावे. परसात किंवा शाळेच्या आवारात जागा असेल, तर एक आवळीचे आणि एक बोरीचे झाड लावावे. दोन्ही झाडे एकदा रुजली की थोड्या पाण्यावर तग धरतात.

आवळ्याने हिस्सारचा दुष्काळ हटला नाही. उपाशी माणसाला धान्यच लागते, आणि ते काम कोणतेही फळ करू शकत नाही. परंतु धान्य मिळूनही जे हिरड्यांतून रक्त वाहत अंथरुणास खिळले होते, त्यांना उठविण्याचे काम या तुरट फळाने केले. जे फळ आपण सणापुरते ताटात ठेवतो, किंवा वाटेत पडलेले तुडवून पुढे जातो, त्यात माणसाचे शरीर सांधून ठेवणारे द्रव्य असू शकते. दिल्लीच्या पदपथावर जांभळे वेचणाऱ्या मुलाला हे ठाऊक नसते, तरी तो आपल्या आरोग्यास हितकर तेच करीत असतो. ती फळे धुऊन खाण्यास त्याला शिकविले, म्हणजे पुरे.